शेडमधला वास: धिंगरीवरच्या ब्लॉचच्या नोंदी (औसा तालुका, जुलै ते ऑक्टोबर २०२४)

आमची शेड २० बाय १२ फुटांची. वर पत्रा, भिंतींना आतून बारदान, खाली मुरूम. स्वयंपाकघराची मागची भिंत आणि शेडची भिंत एकच आहे, हे पुढं कामाला येईल म्हणून आधीच सांगून ठेवते. धिंगरी आळिंबीचा (ऑयस्टर मशरूमचा) हा माझा तिसरा हंगाम. पहिले दोन उन्हाळ्याच्या तोंडाशी घेतले होते, पावसाळ्यातला हा पहिलाच. ब्लॉच हा छत्रीवर डाग पाडणारा जिवाणूचा रोग. छत्रीवर पिवळे डाग, चिकटपणा आणि शेडमध्ये घाण वास असं कुणाला दिसत असेल, तर त्यांनी वाचावं. काड भिजवायचं कसं, पिशवी बांधायची कशी, हे सगळीकडं मिळतं. ते इथं थोडक्यातच आहे.

१४ जुलै, रविवार

लॉट १ भरला, ६० पिशव्या. काड म्हणजे आमचीच मागच्या वर्षीची सोयाबीनची गुळी (मळणीनंतर उरलेला भुसा), पिशवीला १ किलो कोरडी. काड निर्जंतुक व्हावं म्हणून १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिली फॉर्मॅलिन टाकून १८ तास बुडवून ठेवली. स्पॉन, म्हणजे आळिंबीचं बियाणं, ६ किलो, १२० रुपये किलोनं ७२० रुपये. गुळीची गंज एका बाजूनं ताडपत्रीतून भिजली होती. तो भाग काढून टाकला, पण सगळा निघाला असं छातीठोक म्हणता येणार नाही. दिवसभर माणसं तीन: मी, आत्याबाई आणि धाकट्या जाऊबाई.

निथळायला ठेवलेलं काड मुठीत दाबलं तर पाणी ठिबकू नये, तळहात नुसता ओला व्हावा. संध्याकाळच्या शेवटच्या १५ पिशव्यांना घाई झाली. त्यांचं काड ठिबकत होतं. तरी भरलं.

३ ऑगस्ट

आळिंबीची बुरशी काडभर पसरून ४९ पिशव्या पांढऱ्याशुभ्र. ११ पिशव्यांच्या बुडाला पिवळं पाणी साचलेलं. या त्याच घाईतल्या. बुडाला चार-चार भोकं पाडून पाणी काढून दिलं. पाण्याला आंबूस वास. प्लास्टिक कापून सगळ्या उघड्या केल्या, दोरीच्या शिंकाळ्यांत टांगल्या.

४ ऑगस्ट

लॉट २ भरला, पुन्हा ६० पिशव्या. जागा नाही म्हणून त्याच शेडच्या कोपऱ्यात मांडणीवर ठेवल्या. इकडं छत्र्या यायला लागलेल्या आणि तिकडं बुरशी अजून वाढायची, दोन्ही एकाच हवेत. ही चूक किती महागात पडली ते पुढं लिहिलंय.

१० ऑगस्ट

पहिला बहर. १६ किलो ४०० ग्रॅम. श्रावण लागलेला, त्यामुळं लातूरच्या दोन हॉटेलांनी आणि गावातल्या तीन घरांनी मिळून सगळा माल उचलला, २०० रुपये किलोनं. काही घरं श्रावणात आळिंबीला हात लावत नाहीत, "ते मटणासारखंच लागतंय" म्हणून. काही घरं त्याच कारणानं श्रावणातच घेतात.

खूश होऊन कूलर दिवसभर चालू ठेवला. उन्हाळ्यात त्यानंच ओलावा टिकवला होता. शिवाय दिवसातून तीनदा पंपानं फवारा. आत्याबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भाईर पाऊस पडायलाय आन तू आत कूलर लावायलीस व्हय?" मी म्हणाले, आत्याबाई, आळिंबीला ८५ टक्के ओलावा लागतो. बाहेर तेव्हा किती होता, हे मी मोजलं नव्हतं. मोजायला यंत्रच नव्हतं.

१८ ऑगस्ट

सकाळी सहाला आत्याबाईंनी उठवलं. "गॅस सुटायलाय का बघ गं, वास यायलाय." रेग्युलेटर बंद केला, नळीला साबणाचा फेस लावून बघितला. एक बुडबुडा नाही. यांनी सिलिंडर उचलून अंगणात नेऊन ठेवला, तरी वास जाईना. मग पाऊस, मग गटार, मग मेलेला उंदीर, सगळ्यांवर आळ घेऊन झाला. तासाभरानं वास कमी झाला आणि आम्ही विसरलो.

शेडचं दार मी उघडलं साडेनऊला. त्या साडेतीन तासांत दार उघडलं असतं तर दोन दिवस हाताशी मिळाले असते.

२० ऑगस्ट

दुसरा बहर काढायला गेले. छत्र्यांच्या कडांना फिकट पिवळे ठिपके, मोहरीएवढे. काही ठिकाणी ठिपके एकमेकांत मिसळून डाग झालेला. तो थोडा खोलगट, रंग हळदीच्या पाण्यासारखा, मधोमध तपकिरी. बोट फिरवलं तर बुळबुळीत. देठ मात्र चांगले. छोट्या कळ्या काही जागेवरच पिवळ्या पडून थांबलेल्या.

एकूण निघाला १३ किलो, विकण्यासारखा ४ किलो २०० ग्रॅम. बाकीचा बादलीत टाकला आणि बादली शेडच्या कोपऱ्यात ठेवली, संध्याकाळी खड्ड्यात टाकू म्हणून. कोपरा लॉट २ च्या मांडणीचा.

थोडा माल डाग कापून वाळवायचा प्रयत्न केला. वाळला, पण डबा उघडला की कुजक्या कोबीचा वास. फेकला.

२१ ऑगस्ट

स्पॉनवाल्याला फोन केला आणि नको ते बोलले. बियाणंच सडकं दिलंत, पैसे परत करा वगैरे. त्यानं शांतपणे विचारलं, "ताई, पहिला बहर कसा होता?" चांगला होता. "मग बियाणं सडकं असतं तर काडावर पांढरं तरी आलं असतं का?" मी फोन ठेवला. नंतर माफी मागितली, पण ती १४ सप्टेंबरला.

२३ ऑगस्ट

मोबाइलवर शोधल्यावर ब्लिचिंगचं पाणी फवारा असं सापडलं: १० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे क्लोरीन १५० पीपीएम (दहा लाख भागांत १५० भाग). घरात विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर होती, पुडा दोन वर्षांपूर्वी फोडलेला. तीच मारली. तीन दिवस काही फरक नाही.

ब्लिचिंग पावडर फोडल्यावर तिचा क्लोरीन उडत जातो. डबा उघडल्यावर नाकात झणका येत नसेल तर आत नुसता चुनाच उरलाय असं समजायचं. माझ्या पुड्याला भिंतीच्या रंगाएवढाही वास नव्हता.

२६ ऑगस्ट

आदल्या फवाऱ्यानं काही झालं नाही, म्हणजे डोस कमी पडला, असा अर्थ मी काढला. नवा पुडा आणला, ९० रुपये. ५ ग्रॅमऐवजी ५ चमचे टाकले, पोह्याचे, शिगोशीग. नंतर सोनाराच्या काट्यावर तोलून आणले तर ५० ग्रॅम भरले. म्हणजे १५०० पीपीएम. दुसऱ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढ्या सगळ्या कळ्या वाळून पिवळ्या. हे डाग रोगाचे नाहीत, माझे. रोगाच्या डागाला चिकटपणा असतो, जळलेली कळी कोरडी आणि सुरकुतलेली होते. हा फरक मला माझ्याच करणीनं शिकायला मिळाला.

पाच दिवसांचा माल गेला. हिशेबात हा आकडा वेगळा धरला नाही, धरवला नाही.

जनावरांच्या औषधाच्या दुकानात एकानं स्ट्रेप्टोमायसिन पाण्यात मिसळून मारायला सांगितलं. तीन दिवसांनी जे ताटात जाणार त्यावर अँटिबायोटिक मारायचं मन झालं नाही. परत आले.

२९ ऑगस्ट

कृषी विज्ञान केंद्रातल्या मॅडमना फोटो पाठवले, मग दोन पिशव्या घेऊन प्रत्यक्ष गेले. त्यांनी छत्रीवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि पहिला प्रश्न विचारला: "पाणी कुठलं मारता?" बोअरचं. "आणि कूलरमध्ये?" तेच. "कूलरची टाकी शेवटची कधी धुतली?"

मार्चमध्ये.

त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत लिहिते. हा ब्लॉच. करणारा जिवाणू स्यूडोमोनास टोलासी. १९१५ मध्ये टोलास नावाच्या अभ्यासकानं बटन मशरूमवर त्याची पहिली नोंद केली, जिवाणूला नाव त्याच्यावरून पडलं. तो धिंगरीवरही येतो. काडात, पाण्यात, मातीत तो थोडाफार असतोच. छत्रीवर पाण्याचा पापुद्रा दोन-तीन तासांच्या वर टिकला की तो वाढतो आणि टोलासिन नावाचं विष सोडतो. त्या विषानं छत्रीच्या पेशींच्या आवरणाला भोकं पडतात, आतला रस बाहेर येतो, हवा लागून तपकिरी होतो. कापलेलं वांगं काळं पडतं त्यातलाच प्रकार.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही औषध शोधताय. आधी छत्री वाळते का ते बघा."

घरी येऊन कूलरची टाकी उघडली. पाण्यावर काही नाही, वरून स्वच्छ. हात खाली घालून पत्र्यावरून फिरवला तर बोटांना शेंबडासारखा थर, गुलाबीसर. वाळ्याची जाळी उचलली, मागून तेच. दीड महिना हे पाणी मी पंख्यानं शेडभर उडवत होते.

कूलर त्याच दिवशी बंद केला. ओलावा मोजायचं यंत्र आणलं, ३८० रुपये. कूलर बंद, फवारा बंद, दार अर्धं उघडं, तरी शेडमध्ये ९४ टक्के.

आमच्या लातूर जिल्ह्यात २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या रांगेत मी घागर घेऊन उभी होते. अशा ठिकाणच्या माणसाला पाणी कमी पडतंय हे लगेच कळतं, जास्त झालंय हे पचायला वेळ लागतो. मी घेतलेल्या प्रशिक्षणातही तीन तास ओलावा वाढवायचा कसा यावर गेले: बारदान, वाळू, कूलर, फॉगर. कमी करायचा कसा, याला पाच मिनिटंसुद्धा नव्हती.

२ सप्टेंबर, पोळा

कालपासून धो-धो पाऊस. परभणी, हिंगोली, नांदेडकडं तर हाहाकार आहे. वीज रात्रीपासून नाही. बैलं गोठ्यातच सजवली.

पहाटे पाचला टॉर्च घेऊन शेडमध्ये गेले, झोप लागत नव्हती म्हणून. पत्र्याला घाम सुटलेला. थेंब पत्र्याच्या नाळीतून घरंगळत लोखंडी अँगलपर्यंत येतात, बोल्टजवळ अडतात, फुगतात आणि सुटतात. टॉर्चच्या उजेडात अँगलखाली थेंबांची रांगच दिसली, माळेसारखी. खाली बघितलं तर सर्वात खराब पिशव्या त्याच रांगेत. तीन अँगल, तीन रांगा. खडूनं पिशव्यांवर खुणा केल्या आणि उजाडल्यावर मोजल्या: जास्त डाग असलेल्या २७ पिशव्यांपैकी २२ अँगलच्या बरोबर खाली.

म्हणजे मी फवारा बंद केला तरी पत्रा फवारतच होता. पावसाळ्यात पहाटे पत्रा गार पडतो, आतली हवा ऊबदार आणि ओली. काडही थोडी ऊब सोडतं. गार पत्र्याला ती हवा लागली की पाणी सुटणारच.

तोच पहाटेचा वास, गॅससारखा. यावेळी आत्याबाईंना हाक मारून शेडमध्ये आणलं. म्हणाल्या, "हाच गं त्यो."

३ सप्टेंबर

वासाचं मुलीनं शोधून काढलं, ती नववीला आहे. इटलीतल्या अभ्यासकांचं २०१५ चं काम आहे. हा जिवाणू टोलासिनशिवाय हवेत उडणारी द्रव्यंही सोडतो: मिथेनथायॉल, डायमिथाइल डायसल्फाइड वगैरे, गंधकाची. नुसत्या त्यांच्या वाफेनं, स्पर्श न होता, बटन मशरूमच्या तुकड्यांवर खळगे आणि तपकिरी डाग पडले, आणि धिंगरीच्या बुरशीची वाढ अडली.

मिथेनथायॉल म्हणजे मर्कॅप्टनच्या घराण्यातलं. आपल्या सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन टाकतात. म्हणजे आत्याबाईंचं नाक चुकलं नव्हतं. नळी तपासत बसलो तो घोटाळा आमचा.

हे वाचल्यावर मला कोपऱ्यातली बादली आठवली. लॉट २ च्या पिशव्या २३ ऑगस्टपर्यंत पूर्ण पांढऱ्या व्हायला हव्या होत्या. ५४ झाल्या. बादलीच्या अगदी वरच्या फळीवरच्या ६ अजून अर्ध्याच. मी त्याला स्पॉन कमी पडलं असं कारण दिलं होतं.

५ ते ९ सप्टेंबर: डब्यांचा प्रयोग

वाफेनं खरंच डाग पडतो का, हे घरी बघायचं ठरवलं. दोन सारखे स्टीलचे डबे. एका डब्याच्या तळाला वाटीत चार रोगट छत्र्या, वर चहाची गाळणी, गाळणीत निरोगी छत्रीचा तुकडा. वाटीचा गाळणीला स्पर्श नाही. झाकण लावलं. मी एकच डबा करणार होते. मुलगी म्हणाली, "मम्मी, दुसऱ्यात नुसता ओला कापूस ठेव, नाहीतर कळणार कसं कशानं झालं ते?" ठेवला.

पहिल्या वेळी फजिती. सकाळी दोन्ही डब्यांतले तुकडे तपकिरी. झाकणाला घाम येऊन पाणी तुकड्यावर ठिबकलं होतं. शेडमध्ये जे चाललंय तेच डब्यातही.

दुसऱ्या वेळी झाकणाखाली सुती फडकं ताणून बांधलं, थेंब त्यात जिरावा म्हणून. २४ तासांनी कापसाच्या डब्यातला तुकडा पांढरट, कडेनं जरा सुकलेला. रोगट छत्र्यांचा डबा उघडला आणि दोघींनी तोंड फिरवलं. तुकड्याच्या कापलेल्या बाजूला पिवळी झाक, मधे सुईनं टोचल्यासारखे बारीक खळगे. तिसऱ्यांदा केला तेव्हा असंच, पण फिकं. त्या वेळी रोगट छत्र्या दोनच घातल्या होत्या.

हा काही प्रयोगशाळेचा पुरावा नव्हे. सडक्या काडालाही गंधकाचा वास येतो, आणि माझ्या वाटीतल्या छत्र्यांवर आणखी कोणकोणते जिवाणू होते त्यांची मोजदाद मी केलेली नाही. पण बादली शेडमध्ये ठेवायची नाही, एवढं ठरवायला तो पुरेसा होता. त्या दिवसापासून रोगट माल तोडला की थेट झाकणाच्या डब्यात, डबा लगेच बाहेर, खड्ड्यात टाकून वर चुना आणि माती. तोडायला वेगळी माणसं नाहीत, म्हणून क्रम बदलला: आधी निरोगी रांगा, मग रोगट, मग हात साबणानं धुऊनच दुसरं काम. पूर्वी मी घाणेरडं काम आधी उरकायचे.

त्या सहा पिशव्या दुसऱ्या खोलीत नेल्या. चार नऊ दिवसांत पांढऱ्या झाल्या. दोन हिरव्या पडल्या, ती दुसरीच बुरशी. फेकल्या.

१० ते १२ सप्टेंबर

महालक्ष्म्या. शेडकडं कुणी फिरकलं नाही. दार बंद, हवा बंद. १३ ला उघडलं तर लॉट २ चा पहिला बहर पूर्ण वाढून गेलेला, एकावर एक छत्र्या, खालच्यांवर डाग, माश्या घोंगावत. विकण्यासारखा निघाला ५ किलो ५०० ग्रॅम. देठ लांबलचक, छत्री बारकी. हे हवा न खेळल्याचं लक्षण, रोगाचं नव्हे. पण दोन्हींचं मूळ एकच बंद दार.

यांना आठवडाभर कोरडा खोकला. त्याचा दोष जिवाणूला देऊ नका. फुललेल्या धिंगरीचे बीजाणू धुरासारखे उडतात आणि छातीत जातात. मास्क आणि हातमोजे आणले, २६० रुपये. छत्रीची कड वर वळायच्या आत तोडायची.

१४ सप्टेंबर

शेड रिकामी केली. जड मनानं, कारण लॉट १ मध्ये तिसरा बहर येऊ शकला असता. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, ठेवा हवं तर, पण नवा लॉट मग त्यातच येईल.

चार दिवसांचं काम:

पत्र्याखाली एक इंच थर्मोकोल, २,१६० रुपये. पहिल्या दिवशी तारेनं बांधला, फटी राहिल्या, फटींतून थेंब पडायचे ते पडलेच. दुसऱ्या दिवशी उतरवून सांधे टेपनं बंद केले आणि मधोमध जरासा उंच धरून दोन्ही भिंतींकडं उतार दिला. थेंब आलाच तर भिंतीवरून जाईल.

१२ इंची एक्झॉस्ट पंखा, १,८५० रुपये, आणि टायमर ४५०. पंखा आधी वरच्या बाजूला लावला. मिस्त्रीनं विचारलंही नाही आणि मी सांगितलंही नाही, की हवा आत कुठून येणार. दार बंद असताना तो नुसता घुरघुरायचा. समोरच्या भिंतीत खाली दोन फूट बाय एक फूट खिडकी पाडून माशीची जाळी लावली, तेव्हा कुठं हवा वाहायला लागली.

बारदान सगळं काढून जाळलं. त्यात काय काय भिनलं होतं कुणास ठाऊक. मुरुमावर चुना. भिंती नव्या ब्लिचिंगच्या पाण्यानं धुतल्या, दार उघडं ठेवून, आणि त्या दिवशी फॉर्मॅलिनचा डबा शेडच्या जवळपास आणला नाही. दोन्ही औषधं एकत्र करू नयेत.

स्पॉनवाल्याला फोन करून माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, पावसाळ्यात हा फोन आठवड्याला दोनदा येतो.

२२ सप्टेंबर

लॉट ३, ६० पिशव्या. गुळी नीट निथळू दिली. ठिबकणारा घाणा बाजूला काढून तासभर सावलीत पसरला आणि मगच भरला. पिशव्या शेडमध्ये नाही, धान्याच्या रिकाम्या कोठीच्या खोलीत. छत्रीची खोली आणि वाढीची खोली वेगळी. एवढ्यासाठी धान्याची पोती ओसरीवर आली, त्यावरून घरात दोन दिवस बोलणी बसली.

१२ ऑक्टोबर, दसरा

पिशव्या शेडमध्ये टांगल्या, आता अँगलखालची जागा मोकळी सोडून. ६० मावत होत्या तिथं ५२ बसल्या. आठ ओसरीत.

पाण्याचं वेळापत्रक बदललं. सकाळी आठला एकदाच, ऊन चढायच्या आत, तेही खाली जमिनीवर आणि भिंतींवर जास्त, छत्रीवर नुसता धुरासारखा. आठवड्यातून दोनदा त्या पाण्यात ब्लिचिंग, १० लिटरला ५ ग्रॅम, काट्यावर तोलून, निवळलेलं वरचं पाणी. कळी ज्वारीच्या दाण्याहून बारीक असताना ब्लिचिंग मारत नाही. फवाऱ्यानंतर पंखा अर्धा तास. दोन तासांनी छत्रीवर बोट फिरवून बघायचं: ओलं लागलं तर पंखा पुन्हा. संध्याकाळी पाणी अजिबात नाही. पहाटे चार ते सहा टायमरवर पंखा दर वीस मिनिटांनी पाच मिनिटं, कारण घाम त्याच वेळी सुटतो.

यंत्र आता ८० ते ८५ दाखवतं. दुपारी ७४ पर्यंत पडतं, तेव्हा जमिनीवर एक बादली ओतते.

१७ ऑक्टोबर

लॉट ३, पहिला बहर: १७ किलो. डागाचा माल ६०० ग्रॅम, तीन पिशव्यांवर. तिन्ही थर्मोकोलचा एक सांधा उघडला होता त्याखालच्या. सांधा पुन्हा चिकटवला.

२७ ऑक्टोबर

दुसरा बहर १२ किलो ५०० ग्रॅम, फेकला १ किलो. मधे दोन दिवस वळवासारखा पाऊस झाला त्याचा हा एक किलो असावा. रोग पूर्ण गेलेला नाही आणि जाईल असं मला वाटतही नाही. जिवाणू बोअरच्या पाण्यात आहे, गुळीत आहे, माझ्या हाताला आहे.

हिशेब. पहिल्या दोन लॉटमधून १२० पिशव्यांना निदान ७२ किलो धरला होता, हातात आला २६ किलो १०० ग्रॅम. २०० च्या भावानं साधारण ९,२०० रुपये बुडाले. दुरुस्तीला ५,१९० रुपये गेले: पंखा, थर्मोकोल, टायमर, यंत्र, मास्क-हातमोजे, ब्लिचिंग. मिस्त्रीची मजुरी यात नाही, तो यांचा मित्र, त्याला दोन किलो आळिंबी दिली. वेळ सगळा मिळून दोन महिने.

हा खर्च २० ऑगस्टच्या आधी केला असता का? नसता. थर्मोकोलला दोन हजार म्हटल्यावर मीच नको म्हटलं असतं. पण कूलरची टाकी धुवायला आणि बादली बाहेर ठेवायला काहीच पैसे लागत नव्हते.

३० ऑक्टोबर

नवीन सोयाबीनची गुळी घरी आली. यंदा ताडपत्री दुहेरी. कूलर भाऊजी त्यांच्या खोलीसाठी मागतायत. देऊन टाकला, टाकी दोनदा घासून, वाळ्याची जाळी नवी घालून. लॉट ४ च्या स्पॉनला सांगितलंय, दिवाळीनंतर येईल.